वस्तादांचा तळहात

प्रिय दादा,

तू गेल्याला दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत तुला एक ओळही लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला खुळेपणाचं वाटायचं. आज तोच खुळेपणा करतोय. काल भोरला सिनेमाच्या तंबूत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही! सकाळी मोजणीच्या कामावर गेलो आणि एकच बांध तीनदा चुकीचा मोजला. शेवटी साखळी गुंडाळून ठेवली आणि तिथंच झाडाखाली लिहायला बसलो.

कालचं सांगतोच, पण आधी मागचं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते पहिल्यापासून लिहू दे. नाहीतर माझाच विश्वास बसायचा नाही.

तुझी वेल्ह्याची गोष्ट तू घरात किती वेळा सांगितलीस! तू तिकडं कुस्तीला गेला होतास आणि तोरण्याच्या पायथ्याला सिनेमाची कंपनी उतरली होती. त्यांची सामानाची गाडी ओढ्यात रुतली. बैल मारून मारून थकले. तू धोतर खोचून पाण्यात उतरलास, चाकाला डावा खांदा लावलास आणि गाडी वर! कंपनीचे मालक काठावरून बघत होते. ते म्हणाले, "पहिलवान, आमच्यात येता का?" तू विचारलंस, "कुस्ती कुनासंगं हाय?" ते म्हणाले, "कुस्ती नाही, काम आहे." त्यावर तू म्हणालास, "काम तर घरी बी लई पडलंय." हे सांगताना तू स्वतःच आधी हसायचास.

तरी गेलास. आबांना वाटलं, आठ दिवसांत परत येईल. "तोंडाला पावडर लावून कुनी पहिलवान झालाय व्हय?" असं ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे. पण कापूरहोळला मोटारीत बसवायला तेच आले होते, आठवतं? तुझ्या पिशवीत त्यांनी तालमीतली मूठभर तांबडी माती बांधून दिली. म्हणाले, "रोज लाव. पाठीला न्हाई, अंगाला." हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. आपल्या कामथडीच्या तालमीत तुझ्या पाठीला कुणी माती लावलीच नव्हती ना!

आधी तू भालदार झालास, मग किल्लेदार, मग राक्षस. आणि मग ते चित्र आलं, ज्यात तू दुष्ट सरदाराचा पहिलवान होतास. भोरला तंबू लागला आणि आख्खं गाव बैलगाड्या जुंपून निघालं. दादा, तू पडद्यावर आलास तेव्हा काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. फेटे उडाले! कुणीतरी पडद्यापुढं नारळ फोडला. आई एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "काय वाळलाय गं माजा!" की बायकांच्या बाजूला सगळ्या हसल्या. तू बोललास तेव्हा तर आबांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. "आवाज माजा हाय त्याचा! माजा!"

मग कुस्ती लागली. तुझ्यापुढं तो नायक, मानेनं बारीक, पोरीसारखा गोरा. तात्या वस्ताद उठून उभे राहिले आणि तालमीत ओरडायचे तसे ओरडू लागले, "पट काढ! आरं, पट काढ! ढाक मार त्याला!" तू काही केलं नाहीस. त्या नायकानं तुला डोक्यावरून घेतलं आणि धाडकन खाली टाकलं.

पडद्यावरचं वाद्य तेवढं वाजत होतं. आबा उठले. फार मोठ्यानं बोलले नाहीत, पण सगळ्यांनी ऐकलं. म्हणाले, "नुरा धरली." आणि बाहेर पडले. त्यांच्यामागून वस्ताद, त्यांच्यामागून गाव. मी मान खाली घातली होती. तू पडलास तिथून पुढचं मीसुद्धा बघितलं नाही.

त्या दिवाळीला तू घरी आलास. आबा तुझ्याशी न बोलता आईला म्हणाले, "पाव्हनं आल्यात. त्यास्नी पानी द्या." तू हसून बघितलंस, हात जोडून बघितलेस. शेवटी म्हणालास, "आबा, आवो ते खोटं असतंय सगळं. खोटी कुस्ती असती ती."

"मग नुरा म्हंजी दुसरं काय असतंय?" आबांनी विचारलं. "आधी ठरवायचं आन् मग पडायचं. तुमच्या कंपनीत त्याला येगळं नाव आसंल!"

तू माझ्याकडं बघितलंस. घरात सातवीची फायनल पास झालेला मी एकटा. नाटकात राजा मेला म्हणून कुणी सुतक धरतं का, एवढं एक वाक्य बोललो असतो तरी चाललं असतं. मला ते सुचलंही होतं, दादा. जिभेवर होतं. पण आबांपुढं माझं तोंड कधी उघडलंय? मी भिंतीवरचं पंचांग वाचत बसलो. तू सकाळी उठून निघून गेलास.

मग तुझं ते कार्ड आलं. तीन ओळींचं. "मी खुशाल आहे. आईला जप. आबांना सांग, चित्र शेवटपर्यंत बघा, कुस्ती शेवटपर्यंत बघा." मला वाटलं, शेवटी तुझं पात्र सुधारतं किंवा राजाची माफी मागतं, असलं काहीतरी असेल. घरात तुझं नाव काढायची बंदी होती. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ते कार्ड मी नकाशांच्या नळकांड्यात ठेवलं. आणि तुला विषमज्वर झाला. तार आली, तेव्हाही ते कार्ड नळकांड्यातच होतं.

तू तरी सरळ का लिहिलं नाहीस रे? आणखी एक ओळ लिहायला काय झालं होतं? पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला वाटलं असणार, कुस्ती सांगायची नसते, बघायची असते.

तार आल्यावर आबा रडले नाहीत. आपल्या तालमीला मात्र त्यांनी कुलूप लावलं. दोन वर्षं त्यांनी त्या दाराकडं बघितलं नाही.

परवा मी कामावरून येताना भोरात बघतो तर तंबू लागलेला, आणि बाहेर फळ्यावर तुझ्या चित्राचं नाव! घरी आलो, नळकांडं उघडलं आणि कार्ड घेऊन आबांपुढं उभा राहिलो. म्हणालो, "आबा, हे दादाचं आहे. मी तुमच्यापासून लपवलं." आणि वाचून दाखवलं. माझा आवाज एवढा बारीक निघाला की त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, आता काठी बसणार. ते नुसते म्हणाले, "कुस्ती शेवटपत्तोर बघा, आसं म्हनला?" मी म्हणालो, "हो." मग म्हणाले, "तात्याला निरोप धाड. उद्या भोरला जायाचं."

काल आम्ही तिघं निघालो. हल्ली लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, मोटारी कोळशावर चालतात. चढाला आमची मोटार थांबली आणि सगळ्यांना उतरून ढकलावी लागली. आबा, वय सत्तर, तेही मागं हात लावायला आले. ढकलता ढकलता म्हणाले, "आज आमचा पहिलवान पायजे हुता. एकल्यानं वर घातली आसती." दादा, आमचा पहिलवान! दोन वर्षांत पहिल्यांदा! मी वस्तादांकडं बघितलं, वस्तादांनी माझ्याकडं. मोटार वर चढली.

तंबूत आम्ही पडद्याला लागूनच बसलो. तू आलास. आबांनी माझं मनगट धरलं, ते अजून दुखतंय. कुस्ती लागली. या वेळी वस्ताद गप्प होते. तू वर उचलला गेलास, खाली पडलास. मी डोळे मिटणार होतो, पण नाही मिटले.

तो नायक तुझ्या छातीवर पाय देतो आणि भाषण सुरू करतो. देशाबद्दल, धर्माबद्दल, बरंच लांबलचक. तू खाली पडलेला. सगळा तंबू त्याच्याकडं बघत होता. आबा बघत होते तुझ्याकडं.

"तात्या," ते म्हणाले. "तात्या, डावा खांदा बघ."

"काय झालंय?"

"आरं, वर हाय! टेकला न्हाई!"

आणि आबा उठून उभे राहिले. त्यांच्या पटक्याची सावली थेट नायकाच्या तोंडावर! मागून ओरडा झाला, "ए म्हाताऱ्या, बस की खाली!" आबा कुणाचं ऐकतात? "खांदा बघा, खांदा!" असं ते पुढं मागं सगळ्यांना दाखवत सुटले.

तालमीतली रीत तुला सांगायला नको. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कुस्ती होत नाही. शंका आली की वस्ताद मातीवर गुडघे टेकून पडलेल्याच्या खांद्याखाली तळहात सरकवायचे. हात अडला तर हार. गेला तर कुस्ती चालू. हात गेला की वस्ताद दोनच शब्द ओरडायचे, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो.

दादा, तात्या वस्ताद उठले. पडद्याजवळ गेले. गुडघे टेकले. आणि त्यांनी आपला तळहात पडद्यावर धरला, बरोबर तुझ्या डाव्या खांद्याखाली! पडदा पडद्यासारखा हलला, त्याच्यात कुठली पोकळी आणि कुठली माती! पण त्या वेळी मला ते खुळेपणाचं वाटलं नाही. तुझा खांदा आणि जमीन यांच्यात चार बोटं उजेड होता आणि तो सगळा उजेड वस्तादांच्या हातावर पडला होता. नायकाचं भाषण चालूच होतं. तो पाय काढीपर्यंत तू तो खांदा तसाच तोलून धरलास! छातीवर माणूस उभा असताना! कंपनीच्या एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नसेल.

वस्ताद वळले आणि तालमीतल्या आवाजात ओरडले, "हात जातोय!"

मागच्या लोकांना काही कळलं नाही. तंबूचा मालक धावत आला, त्याला वाटलं पडदा फाडतात. त्याला आबांनी मिठीच मारली! "पंचांनी सांगितलंय, हात जातोय! माज्या पोराची पाठ न्हाई लागली! दावा, परत दावा!" मालक म्हणाला, "आजोबा, आता शिवरात्रीला बनेश्वरला या, तिथं हेच आहे." आबा म्हणाले, "गाव घिऊन येतो."

परत येताना आबा वाटभर बोलत होते. कंपनीनं पड म्हणून सांगितलं, पोरानं कंपनीचंही ऐकलं आणि तालमीचंही ऐकलं, असं पुन्हा पुन्हा. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पाव्हना न्हवता गं त्यो, आपलाच हुता." आई चुलीपुढं बसून राहिली. आज उजाडायच्या आत आबांनी तालमीचं दार उघडलं. आत दोन वर्षांची जळमटं होती. ती त्यांनी स्वतः काढली, कुणाला हात लावू दिला नाही. मग माती उकरून त्यात तेल आणि ताक घातलं.

मी हे सगळं आनंदानं लिहितोय, पण एक गोष्ट आनंदाची नाही. ते कार्ड मी वेळेवर दिलं असतं तर हे सगळं तुझ्यादेखत झालं असतं. आबांनी तुला मिठी मारली असती, तंबूच्या मालकाला नव्हे. याची माफी मी मागत नाही, कारण ती द्यायला तू इथं नाहीस. पण एक शब्द देतो.

शिवरात्रीला बनेश्वरच्या जत्रेत हाच तंबू येणार आहे. आबा असतील, वस्ताद असतील, पण त्यांचे आवाज आता थकलेत आणि जत्रेत गर्दी फार. मी सगळ्यात पुढं बसेन. शाळेत हजेरीला ओ देतानासुद्धा ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा नाही, तो मी. तू पडलास आणि त्यानं छातीवर पाय दिला की मी उठून उभा राहीन, खाली बस म्हणाले तरी बसणार नाही, आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं ओरडेन. दादा, त्या दिवाळीला बोलायचं राहिलं ते तिथं बोलेन.

हात जातोय!

तुझा,
नामा