गोगलगायीला कुणाचं नाव

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

प्राण्याची नवी जात सापडली तर तिला कुणी स्वतःचं नाव देत नाही, म्हणून मला सापडलेल्या गोगलगायीला मी तुझं देणार होते. हातावर गोगलगाय चालवायला तूच शिकवलंस ना! पण चित्रं सुबक व्हावीत म्हणून मी रेंगाळले आणि शेजारच्या टेबलावरच्या गोडबोल्याने तिच्यावर आधी लेख छापला. नाव दिलं आमच्या साहेबांचं! साहेबांना गोगलगायीची किळस येते गं. सगळे त्याचं कौतुक करतायत आणि माझा नुसता जळफळाट होतोय.

आज त्याचा लेख खोड काढायलाच वाचला आणि सापडली! ऑनलाइन लेखातलं नाव ग्राह्य धरायचं तर ते आधी प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत वेबसाइटवर नोंदवून तो नोंदणी क्रमांक लेखात द्यावा लागतो. पठ्ठ्या क्रमांक द्यायलाच विसरलाय. म्हणजे त्याने दिलेलं नाव अजून ग्राह्य नाही. माझा लेख तयार आहे. मी गप्प राहून तो छापला, तर तुझं नाव कायमचं लागेल.

तू काय केलं असतंस, ते विचारत नाही. मला ठाऊक आहे, म्हणूनच तुझा राग येतोय.

पोस्टाची पेटी जिन्याखाली आहे, वाटेत त्याचं टेबल लागतं. त्याला ही चूक सांगितल्याशिवाय मी हे पत्र टाकणार नाही. तेव्हा हे तुझ्या हाती पडलं, तर गोगलगाय साहेबांची झाली असं समज.

तुझीच,
जळकुकडी