बेहड्याच्या वळणापलीकडची सायकल

नागभीड,
९ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मीस,
आईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुह्या उपकेंद्रात फोन लावला की अर्धं बोलणं भामरागडच्या जंगलातच राहून जाते, म्हणून कागद घेऊन बसली. आम्ही बरे आहो. धान कापून झालं. कुलदीप वरोऱ्याहून दिवाळीले येऊन गेला, तुह्या वाटणीचे अनारसे भावाच्या हक्कानं त्यानंच संपवले. तू बारीक झाली असशील तर तसा फोटो पाठवू नको, मले घास उतरत नाई.

खरी गोष्ट तुह्या बाबाची आहे. गोविंदाभाऊ गेल्यापासून पडून असलेली स्वतःची सायकल त्यायनं दसऱ्याले बाहेर काढली. पंचवीस वर्षं दर रविवारी दोघं डोंगराकडे जायचे, हे तुले सांगाले नको. मागच्या होळीच्या आधी त्या चढावर गोविंदाभाऊ मागं राहिले ते आलेच नाईत. बेहड्याच्या वळणावर त्यायची सायकल भेटली. पडलेली नाई, स्टँडवर नीट लावलेली. फॉरेस्टवाले म्हणतेत वाघानं नेलं. पण दुपट्ट्याची चिंधीसुद्धा कोणाले भेटली नाई.

आता हे दर रविवारी एकटेच जातेत. आल्यावर आपल्या घरी नाई, आधी गोविंदाभाऊच्या घरी, देवकाबाईकडे. ती विचारते, आले का म्हणून. आणि ज्या माणसानं शाळेत पोराइले भूतखेत खोटं असते हे शिकवण्यात जन्म घालवला, तो तिले सांगते की गोविंदा जाळं टाकायचा त्या बोडीपर्यंत माह्या मागंच होता, सायकल वाजत होती. मले हे सूरजनं सांगितलं. मोहर्लीची सफारीची जिप्सी सोडून तो मुद्दाम आला होता, लय भडकला होता. म्हणे आई रोज बाबाचं ताट वाढते, कपाळाचं कुंकू पुसत नाई, तेरवी करू देत नाई, आणि हे सारं गुरुजींमुळं.

आपण असलं काही मानत नाई. तरी एक लिहिते. मागच्या रविवारी मी आत तांदूळ निवडत होती. यांची सायकल अंगणात आली, स्टँड लागला. मग दुसरा स्टँड लागला. मी सवयीनं चहात पाणी वाढवलं. बाहेर येऊन पाहते तर हे एकटेच.

माहं ऐकत नाईत. तू लिहून पाहा.

तुही वाट पाहून राह्यलेली,
आई

•

आरोग्य उपकेंद्र, भामरागड तालुका,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
रश्मीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडे तापाचे दिवस सरत आलेत. नाल्याचं पाणी उतरलं, आता डोंग्याशिवाय पलीकडे जाता येतं. मला मदत करणारी सुकरी मला माडिया भाषा शिकवते आणि माझे उच्चार ऐकून पदर तोंडात धरून हसते. जेवण वेळेवर होतं, हे आईला मुद्दाम सांगा.

बाबा, आईनं सगळं लिहिलंय. रागावू नका. मी तिसरीत असताना चिंचेला भूत आहे म्हणून विहिरीवर जायला घाबरत होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरून त्या चिंचेला लावला होता. खोड गार होतं, बाकी काही नव्हतं. आज तुमचा हात कशाला लावू, तेच कळत नाही. डोंगराच्या कड्यावरून तुमच्याच सायकलचा आवाज परत येत असेल. माणूस असा अर्धवट गेला की कान त्याला शोधत राहतात, हे मी इथे पुष्कळ पाहिलंय.

आणि बाकी सगळं सोडा, तो वाघ अजून तिथेच आहे. देवकाबाईंचा एक माणूस गेला. आमचा जायला नको. कुलदीप बोलून दाखवत नाही, पण त्यालाही झोप नाही. तुम्हाला चिडवायला आम्हाला तुम्ही हवे आहात.

उत्तर लवकर पाठवा, आणि रागवायचं असेल तर पत्रातूनच रागवा.

तुमची,
रश्मी

•

नागभीड,
९ डिसेंबर २०२४

चि. रश्मीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. रागावलो नाही. तू जे लिहिलेस तेच मी दुसऱ्या कोणाला लिहिले असते.

कड्याचे म्हणशील तर मी तिथे थांबून टाळ्या वाजवल्या, घंटी वाजवली, हाका मारल्या. काही परत येत नाही. हा आवाज वेगळा आहे. तेल नसलेल्या चेनचा आहे. गोविंदा जाळ्याची एकेक गाठ जीव लावून बांधायचा, पण सायकलला कधी तेल घालायचा नाही. मी बोललो की म्हणायचा, गुरुजी, तेल घातले तर मी मागे आहे हे तुम्हाले कसे समजेल.

वळण संपले की आवाज सुरू होतो. मी दमलो की तोही हळू होतो. उतरलो की थांबतो. वळून पाहिले तर मात्र बंद पडतो, आणि मग रस्ता इतका रिकामा दिसतो की पुन्हा बघवत नाही. म्हणून मी बघत नाही. देवकाबाईंना मी आपणहून काही सांगितले नव्हते. त्यांनी विचारले आणि मला खोटे बोलवले नाही.

आता जे लिहितो ते आईला सांगू नकोस. काल आवाज मागे नव्हता, पुढे होता. रस्ता सोडून तो डावीकडच्या पायवाटेने बांबूत शिरला. मी सायकल टाकली आणि मागे गेलो. किती आत गेलो ते समजले नाही. उन्हे कलली होती. बिरजू गुराख्याने माझी सायकल पडलेली पाहून रस्त्यावरून बोंब ठोकली, तेव्हा भानावर आलो. पायाखाली ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला होता. ताजा.

मला भीती वाटली नाही, रश्मी. आता घरी बसून लिहिताना त्याचीच भीती वाटते.

तुझा,
बाबा

•

उपकेंद्र,
२८ डिसेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

बाबांनी तुला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून बाबांचंच पत्र सोबत पाठवते. वाच आणि आधी पाणी पी.

मला सुटी मिळत नाही. परवा हे सगळं सुकरीपाशी बोलून बसले. ती यावेळी हसली नाही. तिचं म्हणणं असं, की जंगलात कोणाच्या डोळ्यांदेखत न गेलेल्या माणसाला आपण गेलो हे समजतच नाही. तो ओळखीच्या माणसामागे चालत राहतो, आणि एक दिवस त्यालाच सोबत नेतो. त्याच्या घरच्या माणसानं त्या जागी जाऊन त्याला सांगावं लागतं. मित्रानं सांगून चालत नाही.

मी हे मानते असं नाही. पण देवकाबाई ती जागा पाहायला एकदाही गेलेल्या नाहीत ना? त्यांना घेऊन जा. सूरजला बोलाव, गाडी असू दे, भर दुपारी जा. बाबांना एकटं सोडू नकोस.

मला चैन नाही. जे होईल ते लगेच कळव, वाईट असलं तरी.

तुझी,
रश्मी

•

नागभीड,
२० जानेवारी २०२५

चि. रश्मीस,
आशीर्वाद. आधी हे लिहिते की सारे घरी सुखरूप आहो.

तुहं पत्र घेऊन मी देवकाबाईकडे गेली. तिनं ऐकून घेतलं, वसंतपंचमीच्या आत जाऊ म्हणाली. काल गेलो. सूरजनं गाडी आणली, पण ती गाडीत बसाले तयार होईना. म्हणे त्यायले गाडी ओळखू येणार नाई. तुह्या बाबाच्या कॅरिअरवर बसली, डबा मांडीवर. आम्ही मागून हळूहळू गाडी नेली. डोंगर दाखवाले नेतो एखाद्या रविवारी, असं गोविंदाभाऊ लग्नापासून म्हणत होते, हे तिनं रस्त्यात बाबाले सांगितलं म्हणे.

वळणावर उतरली. बेहड्याखाली पान मांडलं, भात वाढला, सुकटीची भाजी वाढली. आणि मग अशी भांडली, पोरी, की मी घाबरली. वर्ष होत आलं मी ताट वाढून राह्यली, बोडीपर्यंत येता अन् माघारी काऊन फिरता, घर दिसत नाई का, असं मोठमोठ्यानं विचारू लागली. सूरज तिले धरायले गेला, मी त्याले अडवलं. मग तिचा आवाजच खाली बसला. घरी बसल्यावर बोलते तशी बोलली. की जाळं सूरजनं दुरुस्त केलं. की म्हैस व्याली. की आता तुम्ही गेले, हे मले समजलं, तुम्हीपण समजून घ्या. गुरुजीले नेऊ नका, त्याच्या घरी ही मनकर्णाबाई आहे. तुमची वाट तुम्ही धरा.

झाडावर वानरं होती, ती गप. पानही हालत नव्हतं.

मग आवाज आला. कोरड्या चेनचा. आमच्या जवळूनच निघाला आणि चढाकडे गेला, वर, वर, मग डोंगरापलीकडे. मी ऐकला. सूरजनंही ऐकला, त्यानं माहा हात असा घट्ट धरला की बोटं दुखून राह्यली. रस्त्यावर काहीच नव्हतं. तुले जे समजायचं ते समज, मी जे झालं ते लिहिलं.

देवकाबाईनं तिथंच कुंकू पुसलं. बांगड्या फोडाले दगड उचलला तेव्हा मी मनगट धरलं. म्हटलं राहू दे बाई, सूरजच्या लग्नात रिकाम्या हातानं मिरवशील का. तिनं दगड खाली ठेवला आणि मग पहिल्यांदा रडली.

शनिवारी तेरवी आहे. आम्ही दोघं जाऊन येतो.

माया पातळ होऊ देऊ नको,
आई

•

नागभीड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रश्मीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या परवानगीने काल सायकल काढली. बेहड्यापलीकडे जाणार नाही असे कबूल करून निघालो, पण गेलो थोडा पलीकडे. माथ्यापर्यंतच म्हण. एकदाही आवाज आला नाही. पळस फुलायला लागला आहे, हवा स्वच्छ होती, खालची बोडी दिसत होती. मी सारखा वळून पाहत होतो. माथ्यावर बसलो तेव्हा मला रडू आले. होळीपासून मी रडलो नव्हतो, हे मला तिथे कळले. खरे सांगायचे तर एकदा, फक्त एकदा तो आवाज यावा असे वाटत होते. नाही आला.

परतताना देवकाबाईंकडे थांबलो. काय सांगावे हा प्रश्नच होता. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि विचारले, की एवढी वर्षे तुम्ही दोघे तिकडे जाऊन करत काय होता? त्यांना खरोखर ठाऊक नव्हते. मग मी सांगायला लागलो. तो चढावर गाणी कशी चुकीची म्हणायचा, एकदा अस्वल दिसले तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन कसा पळाला, माझ्या डब्यातले लोणचे पळवून स्वतःच्या भाकरीवर कसे ठेवायचा. सूरज मोहर्लीला निघाला होता, तो बूट घालून दारातच बसून राहिला. देवकाबाई अस्वलाच्या गोष्टीला इतक्या हसल्या की शेजारची बाई डोकावून गेली. अंधार पडला तसा त्यांनी दिवा लावला, भात टाकला, आणि मला म्हणाल्या, मंग? पुढं सांगा.

सुटी मिळाली की ये. आमच्यावर लोभ आहेच, तो घेऊन ये.

तुझा,
बाबा