आईचे पंचवीस शेक

२२ फेब्रुवारी १९८७

आईचे टाके काल काढले. छातीच्या डाव्या बाजूला आता सपाट पट्टी आहे, तिच्याकडे आम्ही कुणीच बघत नाही. तीही नाही.

आता पंचवीस शेक. डॉक्टर रेडिएशन म्हणतात, वॉर्डातल्या बायका शेक म्हणतात. आईला शेक पटला. नऊ मार्चपासून मुंबईला, शनि-रवि सोडून रोज. रोज कुणीतरी बरोबर हवं. माझी रजा ऑपरेशनात संपली. सुधाच्या शाळेत दहावीचं सेंटर. आम्ही नवराबायकोने कॅलेंडर खाली काढून पाहिलं आणि परत खिळ्याला लावलं.

आईचा हुकूम कायम. कॅन्सर हा शब्द घराबाहेर जाता कामा नये. विचारलंच कुणी, तर पोट म्हण.

२५ फेब्रु.

पोट म्हटल्याचे परिणाम. तळमजल्यावरून ताक. समोरून मऊ भात. वरून बेलाचा मुरंबा. आई सगळं गंभीरपणे स्वीकारते.

दुपारी चंद्राबाई आली. कोलशेत गावातली कोळीण, आमच्या कॉलनीत वीस वर्षं मासळी देते. दारात टोपली उतरवली. बोंबील इतके ताजे की काचेसारखे. आईने पाहिलं आणि मान फिरवली. पोट ना! ती गेल्यावर मला म्हणते, "दुसरं काहीतरी सांगायला हवं होतं रे. गुडघा वगैरे."

१ मार्च

जिन्यात प्रधान वहिनी भेटल्या. खालच्या मजल्यावर राहतात, कॉलनीच्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. मी न ठरवता सांगून टाकलं. सगळं. शब्दासकट.

त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, पोटाचं ऑपरेशन झालेली बाई डावा हात वर करत नाही, असं कुठे असतं का? आम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग ताक?"

"काकूंनी पोट म्हटलं, आम्ही ताक आणलं."

जिन्याच्या जाळीतून ऊन पडलं होतं. बराच वेळ तिथेच उभा होतो. आठवडाभरात पहिल्यांदा श्वास पूर्ण घेतल्यासारखं वाटलं.

४ मार्च

वहिनींचा झपाटा. मि. प्रधान कोलशेतच्या केमिकल कंपनीत आहेत. कंपनीची गाडी रोज साडेदहाला टपाल घेऊन मुंबईच्या हेड ऑफिसला जाते, चारला परत. मागची सीट रिकामीच. ड्रायव्हर जनाभाऊ, म्हणजे आमच्या चंद्राबाईचा नवरा! कंपनीच्या साहेबांनी हो म्हटलं. दिवसाला एक बाई आईबरोबर, पंचवीस दिवस. यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, जिन्याच्या भिंतीला.

आईला सांगायचं वहिनींनीच अंगावर घेतलं. आत गेल्या, दार लोटलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "रागावल्यात. पण खिडकीची जागा हवी म्हणाल्या."

६ मार्च

हॉस्पिटलात आज नुसती आखणी. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या, यंत्र नेमकं कुठे लावायचं त्याच्या. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी मला बजावलं : पंचविसावा शेक होईपर्यंत त्या जागेला पाणी नाही, तेल नाही, साबण नाही.

म्हणजे आंघोळ नाही. इतर अंग ओल्या फडक्याने पुसायचं. आईने तेवढंच ऐकलं. "म्हणजे देवपूजा नाही," म्हणाली. सत्तर वर्षांत पारोशी देवाला शिवलेली नाही.

९ मार्च

पहिला शेक. वहिनी बरोबर. आई परत आली ती वेगळीच. हॉस्पिटलबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, हायवेला मिठागरं आहेत, पांढरे ढीग उन्हात तरंगतात, खाली जमीनच दिसत नाही. हे सांगता सांगता खुर्चीत झोपली.

१३ मार्च

पाच झाले. सकाळी सुधा पूजा करते, आई दाराच्या चौकटीला टेकून लांबून बघते. "तुळस उलटी ठेवलीस." सुधा सुलटी ठेवते. आज आईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

२० मार्च

नऊ. (धुळवडीला सुट्टी होती.) रोज नवी बाई, रोज नवं काम घेऊन जाते. कुणी मटार सोलते, कुणी स्वेटर विणते. जनाभाऊ म्हणतो, गाडीत माजघर झालंय.

आईला हल्ली सगळं मऊ दिसतं. तिचाच शब्द. येताना गाडी खाडीजवळून वळली की अर्धवट झोपेत तिला पाण्यावर माणसं चालताना दिसतात. जनाभाऊ सांगतो, "चालत नाय, मावशी. ओहोटीला चिखलात शिवल्या वेचतान." आईला तो चिखल, ते शिंपले नको असतात.

२७ मार्च

चौदा. कातडी लाल झाली आहे, पण डॉक्टर समाधानी. सोमवारी पाडवा, सुट्टी.

३० मार्च, पाडवा

सुधा सकाळीच ठाकुर्लीला तिच्या आईकडे गेली. मी गॅलरीत गुढी बांधत होतो. वहिनी आणि आणखी चौघी आल्या, हातात तेलाची वाटी, उटणं, गरम पाण्याची पातेली. "भावजी, तुम्ही इकडे येऊ नका. आज काकूंचा सण." मोरीचं दार लागलं. आतून बांगड्या, पाण्याचा आवाज, हसणं. आईसुद्धा हसत होती! किती महिन्यांनी. कडुलिंबाचा डहाळा हातात धरून मी नुसता ऐकत राहिलो. गाठी बांधायची विसरलो, आणि डॉक्टरांचं बजावणंही.

मग खाली पाहिलं. मोरीचं पाणी गॅलरीच्या बाजूच्या नालीतून वाहतं. पाणी जांभळं होतं.

नंतर वहिनी, पदर ओला, चेहरा फुललेला : "कसल्या मेल्या रेघोट्या मारून ठेवल्यात काकूंना! घासून घासून काढल्या."

पाडव्याला अभ्यंग न घालता आजारी बाईला कसं ठेवायचं, एवढंच त्यांच्या मनात. हॉस्पिटलात बरोबर गेलेली बाई दाराबाहेरच बसायची. पाणी नको, तेल नको, हे मला सांगितलं होतं. मी सुधाला सांगितलं. आणखी कुणाला सांगायचं असतं, हे सुचलं नाही. कचेरीत रोज चार जणांना कळेल अशा सूचना लिहिण्याचा पगार घेतो मी.

आईने न्हाऊन पूजा केली. एक तास.

३१ मार्च

मी बरोबर गेलो. डॉक्टर सगळ्यांसमोर तिला बोलले, लहान मुलीला बोलावं तसे. तेल आणि उटण्याने कातडी सोलली आहे. आठवडाभर शेक बंद. आठ तारखेला यायचं, नव्याने आखणी. "अर्ध्यात सोडलंत तर ऑपरेशन फुकट," असं मला बाजूला घेऊन.

गाडीत आई म्हणाली, "पुरे आता." मिठागरं आली तेव्हा तिने डोळे मिटले होते.

३ एप्रिल

तिला आज विचारलं. "तुला माहीत होतं ना गं? शाईला पाणी लावायचं नाही ते?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती गुढी होती त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती. "ऑपरेशन झाल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता रे. डॉक्टर सोडून. पाच-पाच जणींचे हात. नको कसं म्हणू?"

कचेरीत जायची वेळ झाली होती. चपला घालून परत काढल्या, आत आलो. तिच्याजवळ बसलो. हात धरायचं मात्र जमलं नाही.

प्रधान वहिनी वर येत नाहीत. जिन्यात दिसल्या, पदर डोळ्याला लावून उलट्या फिरल्या. यादीचं पान कुणीतरी काढून नेलं.

८ एप्रिल

जनाभाऊने खाली दोनदा हॉर्न दिला. आई उठली नाही. सुधा विनवून थकली. मी चिडलो, जे बोलायला नको ते बोललो.

आई म्हणाली, "परत महिनाभर पारोशी, देवाला लांबून नमस्कार. त्यापेक्षा आहेत ते दिवस न्हाऊन, पूजा करून जाऊ देत."

गाडी रिकामी गेली. गॅलरीतून बघत होतो, मागच्या काचेवर ऊन होतं, आत कुणी बसलंय असंच वाटत राहिलं.

१० एप्रिल

चंद्राबाई. टोपली नव्हती, नुसतीच आली. नवऱ्याकडून कळलं असणार. आईसमोर फतकल मारून बसली.

"मावशे, तू गाडीत कनाला नाय बसलीस?"

आईने सांगितलं. आंघोळ, देव, सगळं.

चंद्राबाई हसली. "माझा भाऊ दर्यावर जातं, चार-चार दिस न्हात नाय. अंगाला मासलीचा वास. बोटीवर देवी हाय, रोज तिला फूल वाहतंय, तसाच. ती काय बोट सोरून उतरली? उतरून जाईल कुठं, पान्यात?"

"तुमची देवी वेगळी," आई म्हणाली.

"वेगली कशी? ती बी बाईच ना." मग उठताना, "त्या खालच्या परधानीन बाईला पन सांगून जातंय. रडून रडून डोलं सुजवलान तिनं."

आई पुटपुटली, "बोटीवर काय चालतं ते घरात चालत नाही." पण मघाइतका आवाज पक्का नव्हता.

११ एप्रिल

लिहायला बसलो तरी हसू येतंय.

सकाळी आठला बेल. वहिनी आणि त्याच चौघी. कालच्याच साड्या, वेण्या विस्कटलेल्या. वहिनी उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाल्या, "काकू, आमच्यापैकी कुणीही आज आंघोळ केलेली नाही. आम्ही तुमच्या देवांची पूजा करायला आलोय."

आईने एकेकीकडे पाहिलं. "दात घासलेत का?"

"घासले."

"मग या आत."

वहिनी देवघरापुढे बसल्या. सोवळ्याचं प्रस्थ असलेल्या घरात वाढलेली बाई. बाळकृष्ण उचलायला हात पुढे, मागे, पुढे. शेवटी उचलला, ताम्हनात ठेवला. मीही काहीतरी होईल म्हणून वाट बघत होतो, खोटं कशाला लिहू. खिडकीतून वारा आला, समई जरा हलली, स्थिर झाली.

"गंध कुठे लावतेस? आधी पाणी," आई चौकटीतून.

वहिनींनी पाणी घातलं. "हं, आता गंध?"

"आधी पुस. ओल्या अंगाला गंध लावतात का? तुझ्या बाळाला असंच ठेवायचीस?"

एक जण फिसकन हसली. वहिनींच्या डोळ्यांतून धारा. फुलं उलटी, अक्षता पाटाबाहेर. आईने दोन-तीन मिनिटं सोसलं. मग, "सरक बाई. तुला जमत नाही."

आणि बसली. कालपासून पाणी न लागलेल्या अंगाने. उजव्या हाताने सगळं, डावा मांडीवर. वहिनी शेजारी फुलं देत होत्या, त्यांचा दुसरा हात आईच्या पाठीवर होता.

नमस्कार करून आईने विचारलं, "सोमवारी गाडी साडेदहालाच ना?"

१३ एप्रिल

नव्या रेघा, आणि पंधरावा शेक. डॉक्टर काही बोलले नाहीत म्हणे. यादी परत भिंतीवर. वर वहिनींच्या मोठ्या अक्षरात : पाणी नाही, तेल नाही, साबण नाही. जाता-येता प्रत्येक जण वाचतो. पेपर टाकणारासुद्धा.

२४ एप्रिल

बावीस. (मधे दोन सुट्ट्या झाल्या.) फार थकते. जेवण दोन घास. गाडीतून उतरली की जिन्यात प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडं असतं, आत खुर्ची. ती एकेका घरी बसत बसत वर येते. तीन मजल्यांना आज पाऊण तास लागला. मी कचेरीतून लवकर आलो होतो, मागे पिशवी घेऊन. कुठून तरी आमटीला फोडणी पडल्याचा वास, कुणाच्या तरी रेडिओवर दुपारची सनई. आई डोळे मिटून म्हणाली, "लग्नघर वाटतंय."

२९ एप्रिल

पंचवीस.

वहिनी बरोबर होत्या, त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. डॉक्टरांनी कागद लिहिला, तीन महिन्यांनी या म्हणाले, तपासू, मग बघू. आईने विचारलं, "लोणचं घालायला हरकत नाही ना?"

"घाला की. दोन्ही हात वापरा हळूहळू."

"वर्षाचं घालू?"

डॉक्टर लिहीत होते. लिहीतच राहिले. मग म्हणाले, "तीन महिन्यांनी भेटू, आजी."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी तोंड फिरवलं. काकूंनी नाही फिरवलं."

१० मे, रविवार

चार दिवस पाटा, विळी, बरण्या धुऊन गच्चीवर उन्हात. पाच जणी फोडी करायला येणार, चंद्राबाईनेही यायचं कबूल केलंय, "पन चाखायला." आई गेले दोन दिवस मोहरी निवडते आहे, फार सावकाश. मधेच थांबते, खिडकीबाहेर बघते. काय दिसतं विचारलं तर, काही नाही म्हणते.

दहाच्या सुमारास कैरीवाला आला. हातगाडीभर हिरव्यागार राजापुरी कैऱ्या, चीक अजून ओला. मी पिशव्या घेऊन खाली गेलो. दरवर्षी आई स्वतः निवडते, वर्षाला पुरतील एवढ्या. मला फक्त उचलायचं माहीत.

त्याने तागडी हातात घेतली. "किती देऊ, साहेब?"

मी वर पाहिलं. आई गॅलरीत उभी होती, उजवा हात कठड्यावर. शेजारी वहिनी.

"आई, किती घेऊ गं?"

तिला ऐकू गेलं होतं. गाडीवरच्या कैऱ्यांकडे बघत होती, एकेक मोजत असल्यासारखी.

कैरीवाला थांबला. मीही.