चिंधीवरून घेतलेले पट्टे

४ नोव्हें., मंगळ.
मुग्धाच्या लग्नाला तीन आठवडेही उरले नाहीत आणि वधूच्या आईची साडी अजून दुकानात आहे. आज कपाट आवरायला काढलं. बिस्किटांच्या डब्यात ह्यांची सात घड्याळं, सगळी बंद. हे गेल्यावर दोन वर्षांत सेल घालणार कोण?
बाहेर जायचं म्हटलं की ह्यांची दहा मिनिटं घड्याळ निवडण्यात जायची. हे लावलं, ते काढलं. मी कुलूप हातात घेऊन दारात. "घड्याळ वेळ बघायला असतं, घालवायला नाही," हे मी किती वेळा म्हटलं असेल. नुसतं हसायचे.
संध्याकाळी नणंदेचा, शकूअक्कांचा बेळगावहून फोन. "चुड्याच्या दिवशी तू हिरवं भरू नको गं. सोन्याचे गोट घाल, पुरे." मी बरं म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मु. ऐकत होती. जेवताना एक शब्द बोलली नाही.

५ नोव्हें.
मु. बोलली. "तुझा हात मोकळा असेल तर मीपण चुडा भरणार नाही." बापासारखी हट्टी. चुडा न भरता बोहल्यावर चढणार म्हणे. मला हिरवं भरायचंय का? भरायचंय. लिहून टाकलं एकदाचं. तोंडाने म्हणवत नाही.

८ नोव्हें., शनि.
बाटलीहिरव्या डायलचं घड्याळ घेऊन कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या खंडूअण्णांकडे. सेल घाला आणि पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडा म्हटलं. गोट नको, बांगड्या नको, हेच घालीन म्हणजे कुणाचाच प्रश्न नाही, असा माझा हिशेब.
अण्णांनी घड्याळ ओळखलं. "सायबांचं. स्वल्प बसा अक्का, पाच मिनिटं." मग भोकं पाडता पाडता सहज म्हणाले, "ह्याचा पट्टा घ्यायला तुमच्या हिरव्या ब्लाऊजची चिंधी आणली होती."
कसली चिंधी?
"दर वेळी आणायचे की. टेलरकडनं उरलेली. पट्टा चिंधीपेक्षा एक छटा गडद पाहिजे म्हणायचे. सारखाच रंग घेतला तर तुमच्या लक्षात येईल म्हणून."
मी विचारलं, मला का नाही सांगितलं?
"तिला सांगू नका, मुद्दाम अवघड रंगाची साडी घेईल, म्हणायचे."
घेतलीच असती मी. स्टुलावर बसून राहिले. अण्णांनी पाणी दिलं, तेही तसंच हातात.

९ नोव्हें., रवि.
सकाळपासून अल्बम. मु. आणि मी जमिनीवर.
माझी वांगी रंगाची इरकल, ह्यांच्या मनगटावर गडद जांभळट पट्टा. मोरपंखी पैठणीला निळं डायल. मु.च्या बारशाला मी पिवळी नेसले होते, तेव्हा तपकिरी पट्टा, डायल सोनेरी. शर्ट मात्र प्रत्येक फोटोत पांढरा नाहीतर राखाडी. मी कायम म्हणायची, ह्या माणसाला कपड्यांची हौस नाही. माझ्याच शेजारी उभा राहून हा माणूस माझ्या साडीला मॅचिंग करत होता आणि मला तीस वर्षांत दिसलं नाही.
मॅचिंग सेंटरबाहेर मी ह्यांना तास तास उभं करायची. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, सगळं उजेडात नेऊन बघायची. तिथेच शिकले असणार.
मु. म्हणाली, "बाबा भारीच होते." मला हसूच आलं.

१३ नोव्हें.
साडी झाली. घड्याळ पर्समधून काढून दुकानातल्या गादीवर ठेवलं आणि म्हटलं, ह्याला जाईल अशी दाखवा. सेल्समन घड्याळाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "घड्याळाला साडी, मॅडम?" हो. त्याने चौदा साड्या काढल्या. मी प्रत्येकीचा पदर उचलून दारातल्या उजेडात. शेवटी मोतिया, हिरवे काठ. काठ डायलपेक्षा एक छटा फिके. मुद्दाम.

१६ नोव्हें., रवि.
शकूअक्का आल्या. साडी दाखवली. हात फिरवला, काठाशी थांबल्या. मग अल्बम दाखवला, चिंधीचं सांगितलं. चष्मा लावून एकेक फोटो बघत बसल्या. चहा निवला. "लहानपणी ह्याला बटण लावता येत नव्हतं," एवढंच.
चुड्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

२१ नोव्हें., शुक्र., सकाळ
कासारीण आलीय. हॉल बायकांनी भरलाय. मु.चा चुडा भरून झाला, भरला बाई तिने, पण माझ्याकडे रोखून बघत. मी मधेच आत आले. घड्याळ हातात आहे. डाव्या.
कासारणीने बाहेर विचारलं होतं, "ह्या डायलला पोपटी नाही जायच्या अक्का, गर्द हिरव्या काढून ठेवू?" तेव्हाच मी उठले.
शकूअक्का मागोमाग आत आल्या. दार लोटलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पलंगावर बसल्या आणि हात पुढे केला. "माझ्या भावाचं घड्याळ दे इकडे. बांगड्या भरेपर्यंत मी धरते. त्याच्यावरनं कशा चढतील?"
दोन ओळी लिहून येते म्हटलं. बसल्यात तशाच, तळहात उघडा.
पट्टा सैल करायला घेतलाय. नवीन पाडलेलं भोक घट्ट आहे. बाहेरून मु. हाक मारतेय, माझ्या आधी एकच बाई उरलीय.