न मोजलेली पुरचुंडी

प्रिय रशीदभाऊ यांस, सलाम आणि नमस्कार.

मंगळवारी नागपूरहून एसटीच्या पार्सलात सामान आलं. ब्रेकच्या रबरांचा संच एक, दोनशे चाळीस रुपये. मागच्या चाकांचे पाइप दोन, एकशे तीस. वायसर आणि नटबोल्ट, पस्तीस. पार्सलचे तीस, स्टँडवरून घरी आणायचे पाच. ब्रेक ऑइल दुकानात संपलं होतं, ते दारव्ह्याहून आणायचं म्हणून मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं.

हे सगळं तुम्हाला काय म्हणून सांगते? सवय, दुसरं काय! सामान आलं की तुम्ही आधी विचारायचे, "वैनी, काय काय आलं? केवढ्याले पडलं?" आणि मी सांगितलं की कपाळाला हात लावून म्हणायचे, "घ्या, दुकानदाराच्या पोरीचं लगन तुमीच करून देल्लं!"

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. आज लिहिते आहे, कारण नवी रबरं मापाची आहेत की नाहीत हे बघायला जुनी हवी होती, आणि जुनी तुम्ही दिलेल्या पुरचुंडीत होती. दोन वर्षं माळ्यावर पडलेली ती पुरचुंडी मी मंगळवारी सोडली.

पहिल्यापासून लिहिते. हे पत्र उमरखेडला तुमच्या लेकीच्या पत्त्यावर टाकणार आहे. ती ते नफिसाभाभींना वाचून दाखवील, आणि भाभींना यातलं काहीच ठाऊक नसेल. तुम्ही घरी बोलला नसणार, एवढं मी तुम्हाला ओळखते.

आमची फियाट बोरी अरबात आली तेव्हाच म्हातारी होती. आमचे हे तिच्यावर भाडी मारायचे, कुणाला यवतमाळच्या दवाखान्यात ने, कुणाची नवरी आण. गाडी बिघडली की तुमच्याकडे. तिसऱ्यांदा आणली तेव्हा तुम्ही यांच्यावर चिडलेच.

"साहेब, एवढ्याशा कामाले माह्याकडं काहून येता? अपनी गाडी, अपना हात. शिका नं!"

असा मिस्त्री कुणी पाहिला आहे का, जो आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं कमी करतो? प्लग साफ करणं, पट्टा ताणणं, पॉइंट घासणं, सगळं आमच्या अंगणात येऊन शिकवलं. चहाशिवाय काही घेतलं नाही. त्या चहाचंही म्हणायचे, "साखर वैनीनं मोजून टाकली वाटते." खरं होतं ते!

ब्रेकमधली हवा काढायचं काम दोघांचं. एकानं गाडीखाली झोपून चाकामागचा नट सोडायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. पहिल्या दिवशी हे पेडलवर बसले आणि धपाधप दाबत सुटले. ऑइल उडून तुमच्या दाढीवर! तुम्ही खालून ओरडलात, "उतरा साहेब! तुमचा पाय तापट आहे. ब्रेकले ठंडा पाय लागते. वैनीले बसवा." मी मॅट्रिक पास बाई, चूल आणि देवघर यापलीकडे कुठं बसलेली नाही. लुगडं सावरून ड्रायव्हरच्या जागी बसले. तुम्ही खालून म्हणायचे, "दाब... धर... सोड." आणि मी दाबायची, धरायची, सोडायची. गल्लीतल्या बायका कुंपणावरून बघून तोंडाला पदर लावत होत्या. मला मात्र फार बरं वाटलं होतं, भाऊ. काही येतं आपल्याला, असं वाटलं होतं.

तेव्हापासून दर शनिवारी बॉनेट उघडून पाणी, इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइलची डबी बघणं माझ्याकडे आलं. तुम्ही बजावलं होतंत, "बाकी काय बी विसरा, पण या डबीत ब्रेक ऑइलच. दुसरं कायी नाही." मी मान हलवली होती.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, खरेदी केंद्रावर गाड्या आठ-आठ दिवस उभ्या. कापसाचा पैसा हाती आला नाही की इथं कुणाच्याच हाती काही येत नाही. नवऱ्या ट्रॅक्टरवर जाऊ लागल्या. आमची फियाट आठवड्यातून एकदा हलायची.

घटस्थापनेच्या दिवशी डबी बघितली तर निम्म्याखाली. यांनी ब्रेक ऑइल आणायला साठ रुपये दिले. मी दारव्ह्याला गेले. आणि देवीच्या अखंड दिव्यासाठी तेल घेऊन आले.

घरी इंजिन ऑइलचा अर्धा डबा उरलेला होता. म्हटलं, तेही गाडीचंच आणि हेही गाडीचंच. तुपाची गाळणी घेतली, मलमलचं फडकं लावलं, स्वच्छ गाळून ब्रेकच्या डबीत ओतलं. वर कुंकवाचं बोट लावलं बॉनेटला! वहीत लिहिलं, ब्रेक ऑइल साठ. माझ्या वहीतली ती पहिली खोटी ओळ.

चार दिवसांनी हे म्हणाले, "अवं, चाकं लय गरम होऊन राह्यली." मी म्हटलं, "ऊन किती आहे!" अष्टमीला यवतमाळला भाडं सोडून येताना उतारावर पेडल थेट तळाला गेलं. गाडी बाभळीवर. नशीब, आत दुसरं कुणी नव्हतं. यांचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. घरी देवीचा दिवा जळत होता. साठ रुपयांचा.

ट्रॅक्टरला बांधून गाडी अंगणात आणली आणि तुम्ही आलात. हे प्लॅस्टर घालून ओसरीवर खाटेवर. तुम्ही सरळ ब्रेकची डबी उघडली, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. मी तुळशीपाशी उदबत्ती लावत होते. तुम्ही वळलात.

"वैनी, डबीत दुसरं कायी तं नाही टाकलं?"

किती हळू विचारलंत! यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू. तेव्हाच मला कळायला हवं होतं, तुम्ही उत्तर मागत नव्हता, वाट करून देत होता.

आणि मी काय केलं? मोठ्यानं, यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही बा! ब्रेक ऑइलच टाकलं. देवीशपथ."

हातात उदबत्ती होती, भाऊ. राख माझ्याच पायावर पडली.

एवढी कशाला घाबरले? हे हात उगारणारे नाहीत. पण घरात मला मान होता तो एकाच गोष्टीचा. सासू लोकांना सांगायची, आमची सुमन पैशाला पैसा जोडते, हिच्या वहीत चूक सापडायची नाही. तो मान गेला तर मी कोण उरणार? एवढ्यासाठी, फक्त एवढ्यासाठी!

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग यांच्याकडे वळून म्हणालात, "मंग माह्याच कामात कमी राह्यली असन, साहेब."

दोन दिवस बसून सगळी रबरं बदललीत, पाइप धुतले. एक पैसा घेतला नाही. तुमचा नेम होता, काढलेला जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा. खरंच बदललं की नाही, हे त्यानं डोळ्यांनी बघावं म्हणून. एरवी तुम्ही तो माल ओट्यावर मांडून एकेक दाखवायचे. त्या दिवशी लाल फडक्यात गाठ मारून माझ्या हातात दिलात.

"जुना माल, वैनी. ठेवून द्या. आता नका खोलू, हात खराब होते."

पुरचुंडी जड लागली. म्हटलं, लोखंड असेल. घरात आलेल्या काड्यापेटीतल्या काड्या मोजणारी मी, ती पुरचुंडी न मोजता माळ्यावर टाकली. अंगणात दुरुस्त झालेल्या गाडीत यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. ती तिथंच गंजत राहिली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. हे काठी घेऊन स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "रशीदनं माहा पाय घेतला. नजर गेली त्याची, आता कायचा मिस्त्री!" तुमच्याकडे काम कमी झालं होतंच, आता जीपवाले दारव्ह्याला जाऊ लागले. मी घरात ऐकत होते. भाकरी थापत ऐकत होते. संकष्ट्या केल्या, सोमवार केले, अनवाणी देवीला गेले. तोंडानं मात्र एक शब्द काढला नाही.

तुम्ही शटर ओढलंत आणि उमरखेडला लेकीकडे गेलात. कुणीतरी सांगितलं, रशीद मिस्त्री जावयाच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरतो. चाळीस वर्षं इंजिन खोललेला माणूस! मी ऐकलं आणि डाळ निवडत राहिले.

तुम्ही वारल्याचं कंडक्टरकडून कळलं. हे म्हणाले, "जाऊ दे." मीही गेले नाही. नफिसाभाभींना तोंड कसं दाखवणार होते?

आता यांच्यानं वाकवत नाही, म्हणून गाडीखाली मीच जाते. हसू नका! आमच्या लेकीचं, सुजाताचं बाळंतपण जवळ आलं आहे, वेळेला गाडी हवी, आणि मिस्त्रीला द्यायला पैसे नाहीत. गाडी इतके दिवस उभी, रबरं कोरडी पडलेली, म्हणून नवी मागवली. मंगळवारी ओट्यावर कागद पसरून पुरचुंडी सोडली.

चाकांची रबरं आठ, पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरची दोन. दहा. एकही कमी नाही. नव्या रबराशेजारी जुनं ठेवलं. भाऊ, भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगलेली, मऊ, बोटानं दाबलं की कड तुटते. त्यांना अजून इंजिन ऑइलचा वास होता. शाळेतलं पोरही सांगेल, यात काय ओतलं होतं.

आणि त्यांच्या खाली, फडक्याच्या दुसऱ्या घडीत, ब्रेक ऑइलची नवी डबी. सीलबंद. म्हणून जड होती!

तुम्हाला ठाऊक होतं. पुरावा तुमच्या हातात होता. तो ओट्यावर मांडला असता तर तुमचं दुकान राहिलं असतं. तुम्ही तो गाठ मारून मलाच देऊन टाकलात, वर पुन्हा चुकू नये म्हणून खरं ऑइल ठेवलंत.

काहून नाही बोलले, भाऊ? टपरीवर एकदा, एकदाच म्हणायचं होतं, जा, वैनीले विचारा! मी रागावते आहे तुमच्यावर, बघा. मेलेल्या माणसावर! आणि रागावता रागावता कळतं की हेही मी माझं ओझं तुमच्या डोक्यावर द्यायला बघते आहे. बोलायचं मी होतं.

म्हणून बोलले. एका ताटात जुनं रबर, नवं रबर आणि तुमची डबी ठेवून यांच्यापुढे नेलं. सगळं सांगितलं, साठ रुपयांसकट. हे किती तरी वेळ ते फुगलेलं रबर हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोन वर्सं मी त्या मानसाले शिव्या देल्ल्या." आणि थोड्या वेळानं, "मले सांगाले भेत होती तू? मले?" त्यानंतर बोलणं बंद.

काल चारही चाकांत नवी रबरं बसवली. चिठ्ठीवरचं ब्रेक ऑइल खोडलं आणि तुमच्या डबीचं सील तोडलं. हवा काढायला दुसरं माणूस हवं. मी गाडीखाली गेले आणि वाट बघत पडून राहिले. दार उघडल्याचा आवाज आला. हे येऊन सीटवर बसले, काठी बाजूला ठेवली. मी खालून म्हटलं, "दाब." त्यांनी दाबलं. "धर." धरलं. "सोड." पाच दिवसांत आमच्यात तेवढेच शब्द झाले. यांचा पाय आता तापट राहिला नाही, भाऊ. चारही चाकांची हवा निघाली तसं वरून ऐकू आलं, "टपरीवर मी जातो. मीच बोललो होतो तिथं."

टपरीवर हे जातील. माझं वचन वेगळं आहे. सुजाताची वेळ आधी आली नाही, तर ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येईल ती भाड्याला नाही, उमरखेडला येईल. दिग्रस, पुसद, घाट उतरून, तुमच्या ऑइलवर. ती लाल पुरचुंडी माझ्या मांडीवर असेल. तुमच्या लेकीच्या दारात, जावयाच्या दुकानासमोर, जितकी माणसं असतील तितक्यांपुढे मी एकेक रबर मांडीन, तुम्ही मांडायचे तसं, आणि कुणी काय ओतलं ते मोठ्यानं सांगीन. देवीशपथ म्हणताना जेवढ्या मोठ्यानं म्हणाले होते, तेवढ्याच.

पण न विचारता येणार नाही. मी माफ करा म्हणायला आले आणि भाभींना दार लावता आलं नाही, असं व्हायला नको. म्हणून सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड ठेवलं आहे. भाभींना सांगा, रशीदभाऊ, तुमचं त्या ऐकतील. त्यांनी लेकीकडून एकच शब्द लिहवून घ्यावा, "या" किंवा "येऊ नका", आणि उलट टपाली कळवावं. येऊ नका आलं तरी मी समजेन. गाडी तोवर अंगणात उभी राहील.

तुमची
सुमन वैनी