लाल स्कर्टवालीची सर्व्हिस

सोमवार, ३ मार्च
ताई पंचाची खुर्ची सोडतेय. निरोप समारंभ रविवारी, तेवीसला. टेबल टेनिस क्लबच्या सेक्रेटरींनी फोनवर दुजोरा दिला. ताईकडून अवाक्षर नाही. चाळीस वर्षं मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या — आणि सख्ख्या बहिणीची बातमी मला परक्याकडून!
भेट काय द्यावी? "घड्याळ दे," नवरा म्हणाला. ताईला घड्याळ! लोक तिला बघून आपली घड्याळं लावतात.

मंगळवार, ४ मार्च
ठरलं. क्रॉसस्टिच. दोऱ्यांच्या दुकानात नक्षीचा कागद मिळाला — हिरवं टेबल, जाळी, आणि सर्व्हिस करायला उभी लाल स्कर्टवाली मुलगी. कागदावरचा एक चौकोन म्हणजे कापडावर एक फुली. मोजल्या. दोन हजार सहाशे. दिवस एकोणीस. म्हणजे रोजच्या एकशे सदतीस. डेडलाइन असली की मला शांत झोप लागते.

शुक्रवार, ७ मार्च
टेबल झालं. जाळी एक चौकोन डावीकडे सरकली होती. उसवली.
"राहू दे गं, कोणाला कळतंय?" नवरा म्हणाला.
ताईला कळेल. भिंतीवरची पाल तिरकी बसलीय हेसुद्धा तिला कळतं.

रविवार, ९ मार्च
ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा खरं लिहून टाकते. एकतीस वर्षांपूर्वी क्लबच्या फायनलला ठरलेला पंच आलाच नाही. ताई बसली. तेव्हा गेम एकवीसचा असायचा. मी एकोणीस, समोरची वीस, सर्व्हिस माझी. मी सर्व्हिस केली — आणि ताईचा हात वर. "फॉल्ट!" गेम गेला, मॅच गेली, कप गेला. त्या दिवसानंतर मी बॅट धरली नाही. माझी सर्व्हिस बरोबर होती!
आम्ही दोघी सगळं बोलतो. गुडघे, नवरे, शेजारी. ती मॅच सोडून. आता ताई खुर्चीवरून उतरतेय, आणि खाली उतरलेल्या पंचावर राग धरण्यात काय शोभा? तेवीसला ही चौकट तिच्या हातात द्यायची आणि विषय संपवायचा. मी तिला माफ करणार. मोठ्या मनाने.

सोमवार, १० मार्च
दोनशे फुल्या. मोठं मन जोरात आहे.

शुक्रवार, १४ मार्च
घोळ! मुलगी पूर्ण झाली. नवरा चष्मा लावून बराच वेळ बघत बसला. मग उठून कपाटातून नियमांचं पुस्तक काढून आणलं. (हे पुस्तक ताईने आम्हाला लग्नात भेट दिलं होतं. बाकीच्यांनी भांडी दिली.)
"चेंडू उघड्या तळव्यावर हवा. तुझ्या पोरीने चिमटीत धरलाय. फॉल्ट आहे हा."
"नक्षी तशीच आहे!"
"मग नक्षी फॉल्ट."
नवऱ्याने उभ्या आयुष्यात बॅट धरलेली नाही. आणि म्हणतोय ते बरोबर आहे. निवृत्त होणाऱ्या पंचाला चुकीच्या सर्व्हिसचं चित्र! संबंध हात उसवला.

शनिवार, १५ मार्च
नवा हात स्वतःच काढायचा. नमुना म्हणून नवऱ्याला चेंडू देऊन उभं केलं, तर तो गुलाबजल शिंपडल्यासारखा उभा राहिला. म्हटलं, सरका, मीच आरशासमोर उभी राहते. चेंडू डाव्या हातात घेतला. सर्व्हिसचा पवित्रा घेतला. विचार न करता, जुन्या सवयीने.
आरशात बघितलं.
चिमूट.
परत केलं. परत चिमूट. पाच वेळा. हात उघडा ठेवायला मला दात-ओठ खावे लागत होते.
"काय झालं?" नवरा.
"काही नाही. हात काढतेय."

रविवार, १६ मार्च
एकही फुली नाही.

गुरुवार, २० मार्च
हात झाला. एकेचाळीस फुल्या, तळवा उघडा, वर नारिंगी चेंडू. मोठ्या मनाचं काय करायचं ते सुचत नाही. माफी द्यायची तयारी होती, मागायची नाही.

रविवार, २३ मार्च
भाषणं फार. शेवटी ताईला कोपऱ्यात गाठलं. तिने चौकट उलटी करून आधी मागच्या गाठी बघितल्या. मग चित्र. बघतच राहिली.
म्हटलं, "ताई, ती सर्व्हिस फॉल्टच होती."
"माहीत आहे. मी तिथेच बसले होते."
"एकतीस वर्षं बोलली का नाहीस?"
"तू विचारलंस कधी?"
मग आम्ही दोघी इतक्या हसलो की अध्यक्षांना आभार दोनदा मानावे लागले.

सोमवार, २४ मार्च
सकाळी ताईचा फोन. पंच म्हणून बसलं की त्या स्पर्धेत खेळता येत नाही, म्हणून खुर्ची सोडली! साठीपुढच्या दुहेरीत नाव दिलंय. जोडीला माझं. न विचारता. अर्ज फेब्रुवारीतच गेलाय — मी सुईत दोरा ओवायच्याही आधी. पहिली मॅच पाच एप्रिलला, सकाळी नऊला. सराव आज चारपासून.