वेगळ्या चुलीच्या विरोधातलं भाषण

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हा मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. सासरहून काही कळवायचं असलं की मी ते नानांच्या नावे लिहायची आणि खाली ‘आईला वाचून दाखवावे’ एवढी ओळ घालायची. आपली चूल वेगळी झाल्यावरही पत्रं नानांच्याच ओसरीवर यायची. ते चष्मा लावून, घसा साफ करून, पूर्णविरामासकट वाचून दाखवायचे, असं तूच सांगायचीस. आता तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. नानाही नाहीत. जे तुला सांगायचं होतं ते नानांच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचावं असं मला कधी वाटलं नाही, आणि समोर बसून बोलायचं धाडस झालं नाही. आज मात्र लिहायचंच, असं ठरवून बसले आहे.

एकाहत्तर सालचा पावसाळा सरत आला होता. थेरगावच्या त्या घरात सकाळच्या शिफ्टचे डबे भरायची तुझी घाई आठवते. एका बाजूला भाकऱ्यांची चवड, एका बाजूला पिठलं, आणि ओळीनं उघडे मांडलेले जर्मनचे डबे. चिंचवडच्या कंपन्यांतून कामाला आलेली मराठवाड्याची, कोकणातली पोरं एकटी राहायची, त्यांना घरचं जेवण तुझ्या हातचं. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर डब्यांचं काम तू सुरू केलंस, पण गिऱ्हाइकं आणायची नानांनी. ते बाबांचे थोरले भाऊ, कंपनीच्या टाइम ऑफिसात कारकून. प्रत्येक पोराला ओळखायचे. पगाराच्या दिवशी पैसे तेच गोळा करायचे आणि घर तेच चालवायचे. गाव म्हणायचं, ‘थोरल्यानं धाकट्याचं बिऱ्हाड पोसलं.’ तूसुद्धा विहिरीवर तेच सांगायचीस. आणि जिरं संपलं की मला ओसरीवर पाठवायचीस.

कारण थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. नाना ओसरीवर, तू माजघराच्या दाराआड, आणि मधे मी. ‘नानांस्नी सांग, तेल पायजे.’ मी सांगायची. नाना म्हणायचे, ‘परवा तर आणलं.’ मी परत आत. तुम्ही दोघं एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकत असायचात, तरी तो माझ्या तोंडून गेल्याशिवाय बोलला गेला असं धरलं जात नसे.

त्याच दिवसांत आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा ठरली. वर्तमानपत्र रोज पूर्व बंगालातून येणाऱ्या निर्वासितांनी भरलेलं असायचं. आमच्या बाईंनी विषय काढला, की पूर्व बंगालनं पाकिस्तानातून फुटून वेगळा देश होणं आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचं आहे का, आणि चिठ्ठ्या टाकल्या. मला ‘नाही’ची चिठ्ठी आली. मी रडत घरी आले. सगळ्या वर्गाला त्या लोकांची कणव, आणि मी उभं राहून म्हणायचं की वेगळे होऊ नका! नाना झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, ‘रडतीस काय, वेडे? टाळ्या त्यांच्या बाजूला, आकडे आपल्या बाजूला. शेवटी आकडेच जिंकतात.’ मग आठ दिवस ते कामावरून आले की मला घेऊन बसायचे. ओसरीवर विजेचा दिवा होता, टेबल होतं. कोळसा कुठे आहे, लोखंड कुठे आहे, बाजारपेठ तुटली तर माल कुणाला विकणार, वादळ आलं तर मदत कोण पाठवणार, नवं चलन कोण घेईल. इतकं नीट, इतकं पायरीपायरीनं मला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यावर त्यांचा जीव होता, आई. हे तुलाही ठाऊक होतं.

पाठ झालं की नाही बघायला मी तुझ्यापुढे बसले. तू भाकरी थापते आहेस. मी हात हलवून म्हणते आहे, ‘त्या प्रदेशात कोळसा नाही, लोखंड नाही, यंत्रं नाहीत.’

‘मग हाय काय तितं?’

‘ताग. गोणपाट होतं ना, त्याचा. तसा ताग दुसरीकडे कुठे पिकत नाही. परदेशात जातो.’

‘आन् त्याचा पैका?’

‘तो सरकारात. म्हणजे पश्चिमेकडे. तिकडे कारखाने निघतात, राजधानी बांधतात.’

तुझा हात थांबला. ‘आन् वर म्हनत्यात, आमी तुमाला पोसतो?’

‘हो. पण आई, ते माझ्या बाजूचं नाही. ते समोरची मुलगी बोलेल.’

‘बरं हाय तिचं,’ तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. मला वाटलं, तुला विषय कळला नाही.

मी जिंकले. समोरची मुलगी बोलताना रडली, टाळ्या तिला मिळाल्या, कप मला. शेवटचं वाक्य नानांनी घालून दिलं होतं, ‘हक्काची भूक की दुसऱ्याच्या हातची भाकरी, असा प्रश्न येतो तेव्हा शहाणा माणूस भाकरी निवडतो.’ नानांनी कप दिवसभर ओसरीवर मांडून ठेवला, येईल त्याला पेढा दिला. ‘आमची वकिलीणबाई!’

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तू मला म्हणालीस, ‘नानांस्नी सांग, आईला गोठ्याशेजारची खोली पायजे. चूल येगळी मांडनार. डबे तिचे तिनं करायचे, पैकं तिनं घ्यायचं.’ मी जाऊन सांगितलं. नाना हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं.

रविवारी चिखलीहून मामांना बोलावलं. तुझ्या बाजूनं एवढाच एक माणूस. मामा आणि नाना ओसरीवर, तू दाराआड, मी उंबऱ्याशी. नाना चिडले नाहीत. मामांना म्हणाले, ‘पाव्हणं, मी आडवत न्हाई. पर गणित बघा. कंपनीत संप झाला, पोरं गावी गेली, तर डबे कुणाला? पीठ उधारीवर वाणी माझ्या नावावर देतो, हिच्या देईल का? एखाद्यानं पैकं बुडवले तर ही बाईमाणूस गेटावर जाऊन मागणार हाय व्हय?’ मी ऐकत होते. कोळसा, लोखंड, बाजारपेठ, वादळ. क्रमसुद्धा तोच. मामांनी मान खाली घातली.

‘आवो, मी कशाला सांगू?’ नाना म्हणाले. ‘हिच्याच पोरीनं कप आणलाय ह्याच्यावर. म्हण गं, शेवटचं वाक्य म्हण मामांना.’

आतून तुझा आवाज आला. ‘नानांस्नी सांग, पोट भरंल का न्हाई ते आई बघंल.’

दोन्हीकडून माझंच तोंड हवं होतं. मी उभी राहिले आणि कुणाचंच वाक्य बोलले नाही. तू परत म्हणालीस, ‘सांग की गं.’ कोपऱ्यात कप होता, मी त्याच्याकडे बघत राहिले.

तेव्हा तू उंबरा ओलांडलास. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, हाताला पीठ. नाना गडबडून उठले आणि खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर घातली, जणू परकं कुणी आलं होतं. ‘भावजी,’ तू म्हणालीस, ‘तुमी म्हनता ते समदं खरं आसंल. उपाशी बी ऱ्हायची येळ येईल. पर पोट भरंल का न्हाई ते माझं मी बघीन. तुमी बघायचं, ह्येच नको झालंय.’ एवढंच. आवाज चढला नाही. मामा म्हणाले, ‘झालं मग,’ आणि पुढच्या आठवड्यात चूल घालायला माती घेऊन आले.

तुझी चूल त्या देशाच्या आधी पेटली. डिसेंबरात लढाई संपली तेव्हा पोरांनी रिकाम्या डब्यांतून जिलेबी पाठवली होती, आठवतं? आणि नानांचं गणित खोटं नव्हतं, हेही लिहायला हवं. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी मिळेना. एका संपात निम्मे डबे बंद झाले. वाण्यानं खरंच उधारी नाकारली आणि आपण कण्या शिजवून खाल्ल्या. पण जिरं संपलं तर संपलं, मला कुठे जावं लागत नव्हतं. वेळेवर पैसे न देणाऱ्या त्या लातूरकडच्या पोराला तू गेटावर गाठून म्हणालीस, ‘बाबा, माझी भाकरी कच्ची व्हती का?’ आणि तो त्याच संध्याकाळी दारात हजर.

पुढे त्या नव्या देशात दुष्काळ पडला, माणसं मेली. नाना पेपर घेऊन आपल्या दाराशी आले. ‘वाच गं, आईला वाचून दाखव. मी म्हणलो नव्हतो?’ मी वाचलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस, डोळे पुसलेस, आणि आता तुमच्या मधे मी नव्हते, थेट त्यांनाच म्हणालीस, ‘लई वाईट झालं, भावजी. पर दुष्काळ आपल्याकडं बी पडला. तवा आपन काय गोऱ्या सायबाला परत बोलावलं व्हय?’ नाना मांडीवर थाप मारून हसले. ‘आयला! वकिलीण पोरगी न्हाई, आईच हाय!’

त्या रविवारबद्दल तू सगळ्यांना एकच सांगायचीस. माझ्या लग्नात माझ्या सासूलाही सांगितलंस, की पोरगी लहान, घाबरली, तोंड सुकलं तिचं, म्हणून मला बाहेर यावं लागलं. मी कधी खोडून काढलं नाही. तू तेवढ्या मायेनं सांगायचीस.

मी घाबरले नव्हते, आई. तुझं वाक्य मला येत होतं, पण ते मला बोलायचं नव्हतं. नानांचं मला पटलं होतं. गोठ्याशेजारच्या खोलीत वीज नव्हती, आणि तू मागं फिरावंस असं मला मनापासून वाटत होतं. ते भाषण माझ्या वाट्याला चिठ्ठीनं आलं, पण उंबऱ्याशी उभी होते तेव्हा ते माझंच मत होतं.